शेवटच्या ओळीतलं नाव

मंडळाच्या पोरांनी माझ्या चाली एका वहीत उतरवून घेतल्या आहेत. भजनं आणि गजर धरून साठेक होतील. पुस्तक काढतो म्हणाले. "बुवा, सुरुवातीला तुम्ही दोन पानं लिहा, तुमची संगीतातली वाटचाल वगैरे." मी चौथी पास. माझी वाटचाल भांडुपच्या टेकडीवरून खाली उतरून गिरणीत जायची आणि संध्याकाळी परत टेकडी चढायची, एवढीच झाली. तरी लिहायला बसलो. दोन पानांत काही भागलं नाही. छापायचं असेल तर हे असंच छापा, नसेल तर वही मला परत द्या. खाडाखोड करू देणार नाही.

आधी आमची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या कोकणातल्या भजनात दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने गायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. त्याला बारी म्हणतात. भजनाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं, ती त्याची छाप. शिष्याने रचलं तरी छाप गुरूची घालायची. माझा गुरू जिवंत होता तोवर मी बांधलेलं सगळं त्याच्या नावाने गायलो. तो गेला, तेराव्याला मंडळ जमलं, आणि चार म्हाताऱ्यांनी मला छाप दिली. त्या दिवसापासून माझ्या भजनात माझं नाव. छाप नसलेलं भजन आम्ही गात नाही. कुणाचं म्हणून विचारलं तर काय सांगायचं, रस्त्यात सापडलं?

आता मुलीचं सांगतो.

गिरण्या संपात बसल्या त्या बसल्याच. मी साच्यावर कापड विणणारा माणूस, एका रंगाच्या कारखान्याच्या गेटवर दरवान म्हणून उभा राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचा. त्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडून एक चाल झाली नाही. पेटी घेऊन बसायचो, जुनंच यायचं. लोकांना सांगायचो, नवीन मनात आहे, पिकू दे.

मुलगी तेव्हा एकवीस-बावीसची. घरी बसून साड्यांना फॉल लावायची. टाके घालताना गुणगुणायची. एका दुपारी मी ड्युटीवरून आलो, चहा घेत होतो, आणि कानावर काहीतरी आलं. आधी ऐकलेलं नव्हतं.

"हे काय गं?"

"काही नाही. असंच."

"परत म्हण."

"तुम्ही हसाल."

"म्हण तर."

तिने सुई साडीला टोचून ठेवली आणि म्हणून दाखवलं. अख्खं भजन होतं, शब्दासकट. शेवटच्या ओळीत माझं नाव होतं, सुरात नीट बसवलेलं. मी सांगितलं नव्हतं. घरात लहानपणापासून तेच ऐकत आली, तिला दुसरं माहीतच नव्हतं.

त्या रविवारी ते मी बारीला गायलो. शिट्ट्या पडल्या. समोरचा बुवा उठून पाया पडला. "बुवा, संपाने तुम्हाला पालवी फुटली," म्हणाला. मी म्हटलं, "देवाची कृपा." मुलगी बायकांत बसली होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "बाबा, दुसरं कडवं थोडं हळू घ्यायला हवं होतं."

असं तीन वर्षं चाललं. ती बांधायची, मी गायचो. पुस्तकातल्या साठातल्या वीस-बावीस तरी तिच्या आहेत. पोरांनो, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतंय. निदान तोंडावर तरी पहिल्यांदा.

आमच्या चाळीत दोन खोल्या सोडून एक मास्तर राहायचे, म्युनिसिपालिटीच्या शाळेत गाणं शिकवायचे. मुलीला त्यांनी स्वर कागदावर लिहायला शिकवलं होतं. त्यासाठी मी एक पैसा दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही. एक दिवस ते वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. सरकारचं एक बक्षीस होतं, तरुण रचनाकारांसाठी. गाणाऱ्यांसाठी नव्हे, बांधणाऱ्यांसाठी. कुठल्याशा संस्थानच्या राजाने सुरू केलेलं. गाणारे पुष्कळ, पण नव्या बंदिशी बांधणारे संपत चालले, असं त्या राजाला वाटलं म्हणे. संस्थान गेलं, सरकारने ते चालू ठेवलं. दर दोन वर्षांनी एकाला निवडायचं, आणि त्याने दोन वर्षं बोरीवलीला राजाच्या जुन्या बंगल्यात राहायचं.

"राहून काय करायचं?" मी विचारलं.

"चाली बांधायच्या," मास्तर म्हणाले.

"आणि?"

"आणि काही नाही, बुवा. जेवण सरकारचं, तानपुरा सरकारचा. महिन्यातून एकदा मोठे गवई येऊन बसतात, ऐकतात, दुरुस्त करतात."

"बसून खायला घालतं सरकार? गिरणीत घातलं नाही ते?"

मुलीने कात्रण दोनदा वाचलं आणि विचारलं, "मास्तर, प्रत्येकाला वेगळी खोली?"

"हो. दार लावून घेता येतं."

दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं. तिला कधी दार लावून घ्यायला मिळालं नव्हतं. ते दार ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं, आणि मला आवडलं नाही. का आवडलं नाही ते तेव्हा कळलं नाही असं म्हणायची सोय आहे, पण कळलं होतं. ती बोरीवलीला गेली तर भांडुपला मी काय गाणार होतो?

आमच्या टेकडीच्या मागून जंगल सुरू होतं. त्याच्या पलीकडे बोरीवली. पाखराला सरळ रस्ता आहे. माणसाला पार दादर गाठून दुसऱ्या लाइनीने वर जावं लागतं. मुलगी त्या दिवसांत संध्याकाळी टेकडीवर जाऊन पलीकडे बघत बसायची. झाडांपलीकडे काही दिसायचं नाही.

वयाची अट पंचवीस होती. तिला पंचविसावं चालू होतं. म्हणजे ही एकच संधी, हे मास्तरांनी मला दोनदा समजावून सांगितलं.

पहिल्या फेरीत ती पास झाली. अंधेरीला सरकारी इमारतीत दुसरी फेरी होती, आणि तिची तऱ्हाच वेगळी. सहा जणांना सहा खोल्यांत तीन दिवस कोंडायचं. सकाळी आत, संध्याकाळी बाहेर. स्थायीच्या, म्हणजे ध्रुवपदाच्या, दोन ओळी सरकार देणार, राग आणि ताल सरकार ठरवणार. त्यापुढच्या अंतऱ्याचे शब्द मुलांनी आपले रचायचे, सगळी चाल बांधायची आणि कागदावर उतरवून द्यायची. कुणाशी बोलायचं नाही. जेवणाचा डबा घरून यायचा, तोही दरवान उघडून बघणार, आत चिठ्ठी आहे का म्हणून. दरवानाचं काम दरवानाला माहीत असतं, त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आदल्या दिवशी मास्तरांनी नियमांचा कागद मोठ्याने वाचला. एका जागी थांबले.

"हे नीट ऐक, बाळ. कागदावर नंबर घालायचा. नाव, गाव, कसलीही खूण घालायची नाही. रचना कुणाची हे परीक्षकांना कळता कामा नये."

मी म्हटलं, "आणि छाप?"

"छाप कसली, बुवा? नाव नको म्हणतायत."

"तिचं नाव नको म्हणतायत. छाप माझी आहे. माझी कुठे परीक्षा आहे?"

मास्तर हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. "बुवा, छापेवरून माणूस कळतोच ना."

"कळला तर मी कळेन. ती कुठे कळते? अंताला छाप नाही ती काय रचना झाली? गुरूचं नाव खाल्लं असं लोक म्हणतील."

"कोण लोक? तिथे तीन परीक्षक असतात."

"तेही माणसंच ना?"

मुलगी मध्ये पडली. "बाबा, मी बघते."

"बघायचं काय त्यात? घालणार ना?"

"म्हटलं ना, बघते."

माझ्या घरात 'बघते' म्हणजे नाही. तिच्या आईने सव्वीस वर्षं मला 'बघते' म्हणून परतवलं होतं. मी समजायचं ते समजलो.

तीन दिवस मी रजा टाकली. डबा पोचवायला मीच जायचो. घाटकोपरला उतरून अंधेरीची बस. इमारतीच्या गेटवर माझ्यासारखाच एक दरवान, वयाने लहान. पहिल्या दिवशी त्याने डब्याची तिन्ही पुडं उघडली, चपातीची घडी उलगडून बघितली, कालवणात चमचा फिरवला.

"मासळीच्या पोटात चिठ्ठी ठेवतात का कोण?" मी विचारलं.

"काका, गेल्या वेळी एकाने पुरणपोळीत ठेवली होती."

खरं-खोटं त्याला माहीत. आम्ही दोघं हसलो. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या रस्त्याकडे होत्या. समोर पानवाल्याची टपरी होती, तिथे मी उभा राहिलो. सहा पेट्या एकमेकींत मिसळून वाजत होत्या, बाजार भरल्यासारख्या. पण माझ्या पोरीची पेटी मी ओळखली. तिचा हात डावीकडे जरा जड पडतो, माझ्यासारखा.

राग मारवा होता. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, मारव्यात षड्ज, म्हणजे सा, असतो पण त्यावर बसायचं नसतं. त्याच्या अवतीभवती फिरायचं. ऐकणाऱ्याला वाटत राहतं, आता येईल, आता येईल. भजनात आम्ही मारवा फारसा घेत नाही, आमच्या लोकांना एवढा धीर नसतो. पण ती घेत होती. स्थायी तिने दुपारपर्यंत बांधली. चार वाजता पुरी वाजवून बघितली. झपताल होता. मी टपरीच्या फळीवर बोटांनी मात्रा मोजत होतो. पानवाला म्हणाला, "काका, चुना सांडेल." मी मोजत राहिलो. एवढी चांगली चाल माझ्या घरात झाली नव्हती. माझ्याकडून तर नाहीच.

दुसऱ्या दिवशीही तिथेच उभा राहिलो. सगळा दिवस स्थायीच घोटत होती. अंतऱ्याला हात घातला नाही. छाप अंतऱ्यात येते. म्हणजे ते ती उद्या ठरवणार, हे मला कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फळीवरून दुसरा डबा काढला. स्टीलचा, तीन पुडांचा, मंडळाने मला पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल दिलेला. झाकणावर माझं नाव कोरलेलं, मोठ्या अक्षरात. व्यवहारातलं नाव नव्हे, छापेचं. तो आम्ही वापरत नव्हतो, नवाकोरा होता.

बायको चुलीपाशी होती. म्हणाली, "ह्यो डबो कित्याक? रोजचो खंय गेलो?"

"ह्येचा झाकण घट्ट बसता."

"दोन दिस सैल झाकणातलाच जेवला मां चेडू?"

तिने भात भरला, पण झाकण माझ्याकडे सरकवलं. ते मीच लावलं.

गेटवर दरवानाने पुडं उघडली, भात उकरला, सगळं बघितलं. चिठ्ठी कुठेच नव्हती. झाकण त्याने हातात धरलं होतं, नाव त्याच्या अंगठ्याखाली. "जा काका, ठीक आहे," म्हणाला आणि डबा वर पाठवला.

त्या दुपारी मी टपरीवर थांबलो नाही. थांबलो असतो तर अंतरा ऐकायला मिळाला असता. ड्युटीला हजर व्हायचं आहे असं मनाला सांगितलं आणि बस पकडली. रजा होती.

संध्याकाळी ती घरी आली, हातपाय धुतले, बसली. डबा बरोबर नव्हता.

"डबा?"

"राहिला."

"झालं नीट?"

"झालं."

"शेवटच्या ओळीत?"

"घातलं," ती म्हणाली, आणि साडी घेऊन फॉल लावायला बसली. मास्तर विचारायला आले, त्यांना तिने सांगितलं, बरा गेला पेपर.

महिन्याभराने पाकीट आलं. मला वाचता येतं, पण सरकारी मराठी मला सुधरत नाही. मास्तरांनी वाचलं. रचनाकाराची ओळख उघड होत असल्याने क्रमांक चारची रचना विचारात घेण्यात आलेली नाही. पुढे सही.

मास्तर घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून अंधेरीला गेले. तिथल्या एका कारकुनाशी त्यांची ओळख होती. त्याने सांगितलं ते असं. परीक्षेला सहाही बंदिशी एका गवयाकडून गाऊन घेतात, परीक्षक नुसते ऐकतात. चार नंबरची स्थायी झाली आणि तिघंही ताठ बसले. एकाने गवयाला स्थायी परत म्हणायला लावली. मग अंतरा. शेवटच्या ओळीत नाव आलं तसा एक परीक्षक, मूळचा आमच्याकडचाच, मांडीवर थाप मारून म्हणाला, "अरे, हे तर भांडुपचे बुवा." बाकीच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मुख्य होते त्यांनी कागद मिटला.

इथे मी खोटं लिहू शकतो. लिहीत नाही. मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी मला बरं वाटलं. अंधेरीच्या सरकारी इमारतीत, मोठ्या गवयांत, माझं नाव एका माणसाने ओळखलं. क्षणभरच वाटलं असेल. पण आधी तेच वाटलं. आणि मान वर केली तेव्हा बायको माझ्याकडे बघत होती.

"तुमचा नाव ऱ्हवला," ती म्हणाली. "चेडवाचा काय ऱ्हवला?"

मग मला राग आला. आपल्यावर येण्यापेक्षा दुसऱ्यावर आलेला बरा असतो. मी मंडळाची टोपी घातली आणि अंधेरीला गेलो. कारकून चांगला माणूस होता. खुर्ची दिली.

"माझी छाप आहे, तिचं नाव नाही," मी म्हटलं. "नियम काय मोडला?"

"बुवा, तुमचं नाव आलं की शिष्य कोण हे शोधायला किती वेळ लागतो?"

"मला शिष्य पंधरा आहेत."

"त्यातले पंचविशीच्या आतले, अर्ज केलेले किती?"

मी म्हटलं, "राजाच्या काळात असा नियम होता का? राजाच्या दरबारात गवई गुरूचं नाव घ्यायचे, कानाला हात लावायचे."

"राजाच्या काळात राजाच्या भाच्याला बक्षीस मिळालं होतं, म्हणून तर हा नियम आला," तो म्हणाला. "तुमच्या मुलीसारख्यांसाठीच आहे तो. ज्यांचं कुणी नाही, त्यांची रचना नुसती रचना म्हणून ऐकली जावी म्हणून."

ज्यांचं कुणी नाही. तो हे मला, तिच्या बापाला, समोर बसवून म्हणाला. मी खूप बोललो तिथे. भांडलो, टेबलावर हात आपटला. त्याने ऐकून घेतलं, पाणी दिलं. शेवटी म्हणाला, "बुवा, एक विचारू? नियमाचा कागद तिच्याकडे होता. पोरगी हुशार आहे. तिने हे का केलं असेल?"

मी उठलो.

गेटवर तो दरवान धावत आला. हातात डबा. "काका, हा खोलीत राहिला होता. सहा घरचे डबे, कुणाचा कुणास ठाऊक, पण ह्याच्यावर नाव आहे ना. तुमचाच ना?" धुऊन, पुसून ठेवला होता त्याने. मी घेतला. बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो आणि झाकणावर टोपी ठेवली.

घरी ती एकटीच होती. डबा तिच्यासमोर ठेवला.

"ह्याच्यामुळे घातलंस?"

ती टाका घालत होती. थांबली नाही. "घालणार नव्हते. सकाळी अंतरा बांधून झाला होता, बिनछापेचा. मग डबा आला. जेवले आणि परत बांधला."

"मग मोडायचा ना माझा शब्द. एवढी शिकलेली."

"आणि घरी येऊन काय केलं असतं? तुम्ही ती चाल ऐकून तरी घेतली असती का?"

मी म्हटलं, "घेतली असती."

"नसती," ती म्हणाली. ओरडून नाही, साडीचा काठ किती ते सांगावं तसं. मग दोरा तोडून म्हणाली, "चांगला झालाय अंतरा. पहिल्यापेक्षा चांगला. सगळ्या बंदिशीत षड्ज टाळला, बाबा. एकदाच घेतला, तुमच्या नावावर. सम तिथेच येते."

"म्हणून दाखव."

"नको."

ती त्यानंतर गुणगुणली नाही. मी ड्युटीवरून लवकर येऊन, चपला बाहेर काढून, कान देऊन बघितलं. फक्त सुईचा आवाज. वर्षाच्या आत तिचं लग्न झालं, चेंबूरला दिली. माणसं चांगली आहेत. त्या वर्षी बोरीवलीच्या बंगल्यात एक मुलगा राहायला गेला. त्याची चाल पुढे कुणी ऐकल्याचं माझ्या कानावर नाही. त्याचा त्यात दोष नाही.

आणि मी? मंडळ म्हणायचं, बुवा, नवीन काढा. मी म्हणायचो, पिकू दे. एक गणपती गेला, दुसरा गेला. मग एका रविवारी, एका पूजेच्या बारीला, दुपारी चारला, मुलुंडचा एक तरणा बुवा माझ्यासमोर बसला. मी जुनंच गायलो. बारीत एकमेकांना टोमणे मारायची रीत आहे, तो त्याचा हक्क होता. त्याने पेटीवर बोट ठेवलं, हसला, म्हणाला, "बुवा, ही चाल आमच्या आजोबांच्या वेळची. नवी कुठाय? का नवी चाल लग्न होऊन चेंबूरला गेली?"

मंडप हसला. माझे टाळकरीही हसले. तेव्हा मला कळलं की सगळ्यांना माहीत होतं. बायकांना माहीत होतं, पोरांना माहीत होतं, तीन वर्षं शिट्ट्या मारताना माहीत होतं. मी बारी पुरी केली. अर्ध्यातून उठणारा मी नव्हे. त्यानंतर बारीला बसलो नाही.

आता तुमचं पुस्तक. गेल्या गौरीला मुलगी आली तेव्हा मी तिच्यापुढे ही वही ठेवली. तिचे केस पांढरे झालेत. म्हटलं, तुझ्या ज्या आहेत त्यावर खूण कर, त्यातून माझं नाव काढू, तुझं घालू. ती वही चाळून म्हणाली, "नाही बसणार, बाबा."

"का?"

"तुमचं नाव पाच मात्रांचं. माझं तीन. मी सगळ्या चाली त्या पाचांना धरून बांधल्यात. नाव काढलं तर ओळ लंगडते."

मी आठ दिवस करून बघितलं. खरं आहे. लंगडते. म्हणून पुस्तकात माझंच नाव राहील. पण कुठल्या चाली कुणाच्या ते मी वहीत लाल पेनाने लिहिलंय, ते तसंच छापायचं.

जाताना मी तिला मारव्याचा अंतरा मागितला. म्हटलं, स्थायी मला पाठ आहे, टपरीवर उभा राहून पाठ केली. अंतरा तेवढा सांग. कागद सरकारच्या कपाटात, तुझ्याशिवाय कुणाकडे नाही.

"विसरले," ती म्हणाली. चप्पल घालता घालता म्हणाली, "तुमच्याच नावाचा आहे. तुम्ही बांधा."

तेव्हापासून रोज सकाळी पेटी घेऊन बसतो. शब्द नाहीत, नुसते सूर. षड्ज टाळत जायचं, टाळत जायचं आणि शेवटी नावावर सोडायचा, एवढंच आहे. तिला एका दुपारीत जमलं. माझा हात दर वेळी आधीच षड्जावर येऊन बसतो.